धर, धरलं, बास

द्वारकाबाई पाटील दिल्लीच्या द्वारकेत राहायला आल्या, तेव्हा सोसायटीतल्या बायकांना थट्टेला आयतंच निमित्त मिळालं. "भाभीजी, सरकारने आपके नाम पे पूरा शहर बसा दिया!" म्हणून त्या खिदळायच्या. शहर कसलं! अर्धवट उभ्या इमारती, वाळूचे ढीग आणि टँकर आला की बादल्या घेऊन धावणारी माणसं. हवाई दलातून निवृत्त झालेल्या लोकांनी मिळून बांधलेली ती सोसायटी. पालमच्या विमानतळावर उतरणारी विमानं गच्चीवरून इतकी खाली जात की त्यांच्या पोटाखालची चाकं मोजता यावीत.

द्वारकाबाईंचे मालक कृष्णातराव हे हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, पत्रा हे सगळं त्यांच्या हाताखालचं. कागलजवळच्या एका खेड्यातून भरती झाले आणि वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडले. मुलगा महेश गुडगावला एका परदेशी कंपनीत लागला, सून ममता पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, तोच कृष्णातरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

सगळं गेलं म्हणायला नको, एक शब्द राहिला होता. "चलो." चहा हवा का विचारलं तरी चलो, पोट दुखतंय का विचारलं तरी चलो. हॉस्पिटलातली एक मुलगी आठवड्यातून दोनदा येऊन त्यांच्यापुढं चित्रं धरायची. कप, कंगवा, किल्ली. कृष्णातराव चित्राकडं बघायचे, ओठ हलवायचे, घामाघूम व्हायचे आणि शेवटी शरमल्यासारखे म्हणायचे, "चलो." मग द्वारकाबाई त्या मुलीला पुरे म्हणून खुणवायच्या. माणसाला सगळं कळतंय आणि बोलता येत नाही, हे त्यांना बघवत नव्हतं.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता, धुकं निवळून ऊन आलं होतं. फोन वाजला. महेशनं उचलला. पलीकडून कुणीतरी मराठीत म्हणालं, "मी फरीदाबादहून दिलीप पाटील बोलतोय. मीही एअर फोर्सचाच. तुमच्याकडं कॉर्पोरल पाटील आहेत का? घानाला गेलेले?"

"बाबा गेले होते घानाला. पण ते कॉर्पोरल म्हणजे फार जुनी गोष्ट झाली."

"तेच असतील!" फरीदाबादचे पाटील सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. "अहो, एक आफ्रिकन गृहस्थ माझ्याकडं बसलेत. त्यांना एअर फोर्सवाल्यांच्या असोसिएशननं दिल्लीतल्या सगळ्या पाटलांचे पत्ते देऊन टाकलेत. पहिला पाटील निघाला भटारखान्यातला, दुसरा वायरलेसचा. तिसरा मी, आणि तुमचे बाबा घानाला होते तेव्हा मी बालवाडीत होतो. पण माणूस इतका चांगला आहे की मी जेवायला घातल्याशिवाय सोडला नाही. आता गाडीत घालून तुमच्याकडं आणतो."

'घाना' हा शब्द कानावर पडला आणि स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या द्वारकाबाईंचा हात थांबला. त्या नावाशी त्यांचं काही बरं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होत होती, त्यांना सहावा महिना होता, आणि कृष्णातरावांना हुकूम आला. आफ्रिकेत घाना नावाचा देश नुकताच स्वतंत्र झालाय, त्यांना स्वतःचं हवाई दल उभं करायचंय, भारतातून माणसं जाणार आहेत, त्यात तुझं नाव आहे. मुंबईहून बोट सुटली आणि माणूस वर्षभर दिसला नाही.

त्या वर्षात द्वारकाबाईंना मुलगी झाली. बारसं झालं, मूल आईकडं बघून हसायला लागलं, आणि एका तापात गेलं. सासऱ्यांनी मुलगी झाल्याची तार केली होती, ती गेल्याचीही केली. कृष्णातराव परत आले ते थेट वडिलांशी उसाबद्दल बोलायला बसले. बायकोपुढं त्यांनी एक रंगीत कापड ठेवलं. मुलीबद्दल एक शब्द नाही. त्या रात्री नाही, त्या वर्षात नाही, नंतर कधीच नाही. द्वारकाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं की यांनी बघितलीच नव्हती, तर यांना काय वाटणार? पुढं महेश झाला, बदल्या झाल्या, संसार झाला. ती गाठ मात्र आत होती तशीच राहिली.

फरीदाबादचे पाटील दाराशी सोडून गेले तो माणूस उंच, धिप्पाड, साठीकडं झुकलेला. निळा कोट, त्याला चकचकीत बटणं, आणि दिल्लीच्या थंडीला भिऊन डोक्यावर लोकरीची टोपी. आत येण्याआधी त्यानं बूट काढले. कृष्णातराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांच्यापुढं जाऊन त्यानं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"कॉर्पोरल पाटील, सर! जोसेफ अमिसा, हजर आहे!" तो इंग्रजीत म्हणाला.

कृष्णातराव त्याच्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ओठ थरथरले आणि शब्द आला तो तोच. "चलो."

अमिसा खो खो हसला. "हो, हो! हेच म्हणायचे तुम्ही. चलो जोसेफ, चलो!" मग महेशनं त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं. अमिसाचं हसू मावळलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि एक वेताचा मोडा ओढून कृष्णातरावांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला.

चहा झाला, चिवडा झाला. अमिसा बोलायला लागला. महेश आईसाठी मराठी करून सांगत होता. अमिसाची मुलगी आराबा इथंच वसंत विहारला राहते, जावई त्यांच्या वकिलातीत आहे. आराबाला पंधरवड्यापूर्वी मुलगी झाली. अमिसाची बायको तीन वर्षांपूर्वी वारली, म्हणून बाळंतपणाला बाप एकटाच आला. आणि दिल्लीत आलोच आहोत, तर ज्या माणसानं आपल्याला हाताला धरून काम शिकवलं त्याला शोधल्याशिवाय जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"आमच्याकडं काहीही नव्हतं," तो सांगत होता. "देश होता, झेंडा होता, पण आकाशात आमचं म्हणून एक विमान नव्हतं. मी मच्छीमाराचा पोर, अठरा वर्षांचा. आयुष्यात बोट सोडून काही दुरुस्त केलेलं नव्हतं. आक्राच्या विमानतळावर आम्हाला उभं केलं. समोर मोठमोठी लाकडी खोकी. आम्हाला वाटलं, यंत्रं असतील. तुमच्या लोकांनी खोकी फोडली तर आतून विमानं निघाली. बंगलोरला बनलेली एचटी-टू. छोटीशी, दोन माणसांची, एकामागं एक बसायचं. पंख वेगळे, धड वेगळं. कॉर्पोरल म्हणाले, जोडा."

"मग?" द्वारकाबाईंनी न राहवून विचारलं. आपले मालक तिकडं नेमकं काय करत होते, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मग जोडली. पहिलं विमान उडालं तेव्हा आम्ही पोरं धावपट्टीच्या कडेनं त्याच्यामागं पळालो. वेडेच झालो होतो. कॉर्पोरल नाही पळाले. ते खाली बसले आणि विमान परत उतरेपर्यंत उठले नाहीत."

पुढं इंग्रज आले. शिकवण्याचं काम त्यांनी घेतलं, भारतीय माणसं परत गेली. नवी विमानं आली. अमिसा बोटांवर मोजत नावं सांगत गेला. चिपमंक, बीव्हर, ऑटर, कॅरिबू. महेशला हसू फुटलं. "आई, ही सगळी जनावरांची नावं आहेत. खार, पाणमांजर, हरीण..."

"हवाई दल होतं का चिडियाघर?" द्वारकाबाई म्हणाल्या. महेशनं ते इंग्रजीत सांगितल्यावर अमिसानं मांडीवर थाप मारली. मग रशियाची मोठी विमानं आली, तो म्हणाला, इटलीची जेट आली. सरकारं बदलली, सेनापती बदलले. कधी सुटे भाग यायचे, कधी वर्षवर्ष यायचे नाहीत, मग एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायचं. एचटी-टू एकेक करून उडायची थांबली. अमिसा मात्र टाकोराडीच्या हवाई तळावरच्या हँगरमध्ये राहिला, नव्या पोरांना पत्र्याचं काम शिकवत. आपलं हवाई दल लहान आहे, जगात कुणाला त्याचं नावही ठाऊक नाही, पण त्याचा पहिला पत्रा आपण ठोकलाय, असं म्हणताना त्याची छाती भरून आली.

"आणि एक गोष्ट मला दिल्लीत आल्यावर कळली," तो म्हणाला. "मी सगळी वर्षं समजत होतो की ते विमानाच्या कामातले इंग्रजी शब्द आहेत. माझ्या जावयानं सांगितलं, हे इंग्रजी नाही. मग मी त्याच्या हिंदी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, हिंदीही नाही. आज त्या फरीदाबादच्या पाटलांना विचारलं तर ते हसून हसून सोफ्यावर आडवे झाले."

"कुठले शब्द?" महेशनं विचारलं.

पत्रे जोडायचे बिनआट्याचे खिळे, म्हणजे रिव्हेट, मारायचं काम दोघांचं असतं, अमिसानं हातांनी दाखवलं. बाहेरून एक जण ठोकायची गन लावतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक चेपून पक्कं बसतं. दोघांच्या मध्ये पत्रा असतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्यामुळं हाक देऊनच काम चालतं. बोलता बोलता त्यानं चहाची टिपॉय कृष्णातरावांपुढं ओढली. त्यांचा डावा, चालता हात उचलून टिपॉयवर ठेवला. स्वतः खाली जमिनीवर बसला आणि आपला तळवा टिपॉयच्या खालून वर दाबून धरला. एवढा मोठा माणूस, कोटाची बटणं तटतटलेली. पण तो तसाच बसून राहिला आणि वाट बघू लागला.

कृष्णातरावांची नजर टिपॉयवर खिळली. त्यांची बोटं वळली, जणू मुठीत काही आलं. घसा हलला.

"ध..." आवाज आला. "ध... धर."

"धरलं!" टिपॉयखालून अमिसा गरजला.

कृष्णातरावांनी मूठ दाबली. क्षणभर गेला.

"बास?" ते म्हणाले.

"बास!"

महेश उभाच राहिला. द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला. कृष्णातराव मूठ एक वीत सरकवून पुन्हा म्हणाले, या वेळी स्पष्ट, हँगरमधल्या आवाजात, "धर!" आणि खालून उत्तर आलं, "धरलं!" टिपॉयच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघांनी अशी अख्खी ओळ मारली. शेवटी कृष्णातराव थकून मागं टेकले, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"आमच्या टाकोराडीला आजही पोरं हेच ओरडतात," जमिनीवरून उठत, गुडघे चोळत अमिसा म्हणाला. "मी शिकवलंय त्यांना. धर, धरलं, बास."

मग तो गंभीर झाला. कोटाच्या खिशातून त्यानं रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि द्वारकाबाईंच्या हातात दिली. ॲल्युमिनियमचा लहानसा खुळखुळा होता. कडा घासून घासून अशा गुळगुळीत केलेल्या की बाळाच्या ओठाला टोचू नयेत. हलवला तर आत बारीक रिव्हेट वाजले.

"मुलगी झाली अशी तार आली, तेव्हा कॉर्पोरलनी दुपारच्या सुट्टीत हा करायला घेतला," अमिसा सांगू लागला. "विमानाच्या पत्र्याचे उरलेले तुकडे. मी बघत असायचो. पुरा झाला आणि दुसरी तार आली. साहेबांनी बोलावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, खिशात ठेवली, परत येऊन मला म्हणाले, धर. आम्ही संध्याकाळपर्यंत रिव्हेट मारत होतो. मी आत होतो, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. बाहेर आलो तर सगळी ओळ वाकडी. त्यांच्या हातून कधी एक रिव्हेट वाकडा गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक काढून पुन्हा मारला."

महेशचा आवाज भाषांतर करताना अडखळत होता. आपल्याला एक मोठी बहीण होती, हे त्याला आजीकडून कळलं होतं, पण घरात तो विषय कुणी काढत नसे.

"मग त्यांनी हा मला दिला. म्हणाले, तुला होतील पोरं. मी म्हणालो, कॉर्पोरल, मला वाईट वाटतं. ते म्हणाले, जोसेफ, मी तिचा चेहरा आठवायला बघतो, आणि चेहराच नाही. मी रडू कुणासाठी? तिचा चेहराच मला माहीत नाही." अमिसानं खुळखुळ्याकडं बोट केलं. "माझी चारही पोरं यानं खेळली. आता आराबाच्या बाळासाठी आणला होता. पण भाभी, हा तुमचा आहे."

द्वारकाबाईंनी कृष्णातरावांकडं बघितलं. ते खाली बघत होते, आणि लुळा हात मांडीवर पालथा पडला होता. चाळीस वर्षं त्या या माणसाच्या शेजारी झोपल्या, त्याच्या ताटात वाढलं, त्याच्या पोस्टिंगांमागोमाग अंबाला, जोरहाट, आग्रा करत फिरल्या. आणि त्यानं विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही, त्यांनी सांगितलं नाही म्हणून त्याचं विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांनी खुळखुळा परत रुमालात बांधला आणि अमिसाच्या हातात ठेवला.

"ज्या घरात लेकरू आहे तिथं हा वाजायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "बाळाला न्हाऊ कोण घालतं तिकडं?"

अमिसा ओशाळला. नर्स येते, तो म्हणाला, ओल्या कापडानं पुसून जाते. त्याला विमानाचा पंख बसवता येतो, पण एवढंसं बाळ हातात घ्यायची भीती वाटते.

"ओल्या कापडानं? एवढ्या थंडीत?" द्वारकाबाई उठल्याच. "ममता, उद्या डिंक आण गं. महेश, या साहेबांना सांग, मी उद्यापासून येते."

आणि खरंच गेल्या. रोज सकाळी अमिसाच्या जावयाची गाडी यायची. द्वारकाबाई पुढं, मागच्या सीटवर कृष्णातराव, कारण त्यांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं. वसंत विहारच्या त्या गुळगुळीत फरशीच्या घरात द्वारकाबाईंनी पाट मागितला. पाट मिळाला नाही, मग पाय पसरून त्या जमिनीवरच बसल्या आणि बाळाला पायांवर घेतलं. तिळाचं तेल कोमट करून अंगाला चोळलं, टाळूवर बोट बुडवून तेल भरलं, ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली. पहिल्या दिवशी आराबा दाराशी धास्तावून उभी होती. न्हाऊन माखून बाळ दुपारपर्यंत गाढ झोपलं, तेव्हा तिनं द्वारकाबाईंचा हात आपल्या गालाला लावला. भाषा दोघींची एक नव्हती. लाडू मात्र आराबाला समजले. पहिला डबा दोन दिवसांत संपला.

इकडं बाहेरच्या खोलीत अमिसा आणि कृष्णातराव टेबल पुढं घेऊन बसायचे. धर, धरलं, बास. हळूहळू कृष्णातरावांना 'सोड' मिळालं, 'थांब' मिळालं, 'अरे' मिळालं. हॉस्पिटलातल्या मुलीनं हे ऐकलं तेव्हा तिनं चित्रं बाजूला ठेवली आणि स्वतः टेबलाखाली हात धरून बसायला लागली. शब्द भराभर आले असं नाही. कधी चार दिवस एकही नवा यायचा नाही. पण कृष्णातराव आता ओठ हलवायला लाजत नव्हते.

मार्चमध्ये अमिसा परत गेला. विमानतळावर जाण्याआधी तो भेटायला आला, पुन्हा सलाम ठोकला. या वेळी कृष्णातरावांनी डावा हात कपाळाला लावून तो घेतला आणि म्हणाले, "जोसेफ." नंतर थोडं थांबून, "चलो." आता ते खरंच चलो होतं. अमिसानं त्यांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि मागं न बघता जिना उतरला.

त्याच आठवड्यातली एक दुपार. महेश-ममता कामावर, बाल्कनीत ऊन. द्वारकाबाई कृष्णातरावांचा उजवा हात मांडीवर घेऊन तेल लावत होत्या, बाळाला लावायच्या तसंच, बोटाबोटाला. आणि कसलीही सुरुवात न करता त्या बोलायला लागल्या.

"पहाटे झाली बघा ती. कोंबडं आरवलं आणि झाली. अंग एवढंसं, पण आवाज मोठा. तुमच्या आईनं सांगितलं, बापावर गेलीय, वसकन ओरडते."

कृष्णातरावांनी मान वळवली. त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली. द्वारकाबाईंना वाटलं, नको होतं बोलायला. पण कृष्णातरावांनी ओठ जुळवले, जोर केला.

"नाक?" त्यांनी विचारलं.

"नाक तुमचं. बसकं." द्वारकाबाई हसल्या आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. "पण डोळे माझे होते. मोठे. दिव्याकडं टक लावून बघायची. कुणी शिंकलं की दचकायची, आणि मग ओठ काढायची असा, रडू का नको असं करत. मग तुमचे वडील मुद्दाम शिंकायचे."

कृष्णातराव ऐकत होते. एवढं लक्ष देऊन त्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल.

"केस?"

"भरपूर. काळेभोर. मानेपर्यंत. बारशाला आत्यानं तेल लावून भांग पाडला होता, तर..."

"नाव?" मध्येच ते म्हणाले.

द्वारकाबाई थबकल्या. तारेत नाव नव्हतं, पत्र कुणी लिहिलं नव्हतं. मुलगी झाली, एवढंच होतं पहिल्या तारेत. गेली, एवढंच दुसऱ्या. आणि घरी आल्यावर कुणी तिचं नाव घेतलं नाही. यांना लेकीचं नावच माहीत नव्हतं. एवढी वर्षं.

त्यांनी तेलाचा हात पदराला पुसला आणि दोन्ही हातांत त्यांचा हात धरला.

"शालन," त्या म्हणाल्या. "शालन ठेवलं होतं."

कृष्णातरावांनी डोळे मिटले. ओठ पुढं केले, मागं घेतले. पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्यांदा "शा" आला आणि अडकला. द्वारकाबाईंनी घाई केली नाही. खाली रस्त्यावर मजूर सळ्या उतरवत होते, त्यांचा खणखणाट चालू होता. तो थांबला तेव्हा त्यांना ऐकू आलं.

"शालन."

"हां," द्वारकाबाई म्हणाल्या. "शालन कृष्णात पाटील." आणि पुन्हा तेलाची वाटी पुढं ओढून त्या सांगायला लागल्या, बारशाला कोण कोण आलं होतं, पाळणा कुणी म्हटला, आणि त्या गोंगाटात बाळराणी कशी बिनघोर झोपली होती.